लोंढा कुठवर येईल? सह्याद्रीतल्या एका पऱ्याच्या प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी २०२५

अंदाज तीन गोष्टींचा करायचा आहे: माती कुठून सुटेल, कुठल्या वाटेने येईल, कुठे थांबेल. दरडप्रवणतेचे बहुतेक नकाशे पहिल्या प्रश्नापाशी थांबतात. तीव्र उतार लाल, सपाट जमीन हिरवी. पण उभ्या उतारावर घर कोण बांधतो? वाडी असते पायथ्याला, पऱ्याच्या तोंडाशी, जिथे पाणी आहे आणि भाताला जमीन आहे. म्हणजे नेमकी नकाशातल्या हिरव्या भागात.

वायनाडमध्ये ३० जुलै २०२४ला दरडीचा माथा १५५० मी. उंचीवर होता आणि दगडमातीचा लोंढा सुमारे ८ कि.मी. खाली धावला. मुंडक्कई आणि चूरलमला ही गावं दरड सुटलेल्या जागेवर नव्हती, वाटेवर होती. आपल्याकडे माळीण (३० जुलै २०१४, १५१ मृत्यू), तळीये (२२ जुलै २०२१), इर्शाळवाडी (१९ जुलै २०२३, २७ मृतदेह मिळाले, ५७ बेपत्ता). इर्शाळवाडीचं नाव दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हतं, हे तेव्हा विधानसभेतच सांगण्यात आलं. त्यामुळे या प्रकल्पात जास्त वेळ तिसऱ्या प्रश्नाला.

चाचणीसाठी रायगड जिल्ह्यातला एक पऱ्या (डोंगरावरून पावसाळ्यात वाहणारा ओढा) घेतला आहे, पायथ्याला वाडी आहे. नाव नोंदीत लिहीत नाही. धोक्याचे पट्टे पक्के होण्याआधी नाव बाहेर गेलं की लोक घाबरतात आणि जमिनीचे भाव हलतात. नंतर दुरुस्त नकाशा दिला तरी पहिलाच लक्षात राहतो.

१९ जानेवारी

उंचीचा डेटा. फुकट मिळणाऱ्यांत दोन समोर होते: युरोपचा कोपर्निकस जीएलओ-३० (३० मीटरच्या चौकोनांचा) आणि एएलओएस पालसार या जपानी उपग्रह-रडारच्या चित्रांसोबत येणारा १२.५ मीटरचा. आकडा बघून दुसऱ्याकडे हात जातो. घेऊ नये. तो ३० मीटरच्या एसआरटीएम या जुन्या रडार-मोजणीचेच चौकोन बारीक करून दिलेला आहे, नवी माहिती त्यात नाही. शिवाय त्याच्या उंच्या पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून मोजलेल्या, समुद्रसपाटीपासूनच्या नाहीत. कोकणात हा फरक ६० मीटरहून जास्त भरतो. दोन डेटा शेजारी जोडले की मध्येच कडा उभा राहतो.

जीएलओ-३० घेतला. त्याची मोजणी २०११ ते २०१५च्या दरम्यानची, म्हणजे २०२१च्या पावसात पडलेल्या खोका (दरड सुटून उतारावर उरलेल्या जखमा) त्यात दिसणार नाहीत.

प्रक्षेपण (अक्षांश-रेखांश सपाट नकाशावर मीटरमध्ये मांडायची पद्धत) यूटीएम ४३ उत्तर, क्रमांक ईपीएसजी ३२६४३. हे आधी केलं नाही आणि अक्षांश-रेखांशातच उतार काढला, तर आडवं अंतर अंशांत आणि उंची मीटरमध्ये धरली जाते आणि सगळा तालुका ८९ अंशांचा दिसतो. रूपांतर करताना ‘जवळचा चौकोन’ ही पद्धत वापरू नये, उतारात पायऱ्या पडतात. द्विरेषीय किंवा क्यूबिक घ्यावी.

उंचीच्या डेटातले खळगे भरण्याऐवजी फोडून पाण्याला वाट काढली (व्हाइटबॉक्स टूल्स या सॉफ्टवेअरमधला ‘ब्रीच’ पर्याय). रस्त्याच्या भरावामागे डेटात तळं दिसतं, कारण रस्त्याखालून पाणी नेणारी मोरी उपग्रहाला दिसत नाही. तळं भरून सपाट केलं की पुढच्या गणितात लोंढा तिथेच विसावतो. प्रत्यक्षात तो मोरी बुजवून रस्त्यावरून जातो.

२ फेब्रुवारी

पाणलोट आखला. क्षेत्र ०.६२ चौ.कि.मी., माथा ७८० मी., पऱ्याचं तोंड २४० मी., लांबी १.३ कि.मी. मेल्टन गुणोत्तर म्हणजे उंचीतला फरक भागिले क्षेत्राचं वर्गमूळ: ०.५४ भागिले ०.७९, म्हणजे ०.६९. ब्रिटिश कोलंबियातल्या अभ्यासावरून ठरलेली ढोबळ विभागणी अशी: ०.३च्या खाली साधा पूर, ०.३ ते ०.६ गाळाने जड झालेला पूर, ०.६च्या वर आणि लांबी २.७ कि.मी.हून कमी असेल तर दगडमातीचा लोंढा. हा पऱ्या तिसऱ्या गटात बसतो.

ही चाळणी आहे, निकाल नव्हे. पण तालुक्यातल्या शंभर ओढ्यांतून वीस निवडायचे असतील तर एका दुपारचं काम.

१६ फेब्रुवारी

सुटण्याच्या जागा. आधी घळीतली सुरुवात धरणारी पद्धत लावली. आल्प्समधल्या नोंदींवरून आलेली मर्यादारेषा अशी: उताराचा टॅन = ०.३२ गुणिले वरच्या पाणलोटाचा (चौ.कि.मी.मध्ये) उणे ०.२ घात. वर १ हेक्टर असेल तर ३८.८ अंश उतार हवा, १० हेक्टर असेल तर २६.९, १०० हेक्टर असेल तर १७.७. पाणी जास्त तर कमी उतारही पुरतो, इतकाच अर्थ.

आपल्याकडे ही पद्धत अर्धंच सांगते. आल्प्समध्ये घळीत साठलेला राडा पावसाने उठतो. सह्याद्रीत बऱ्याचदा उघड्या उतारावरची माती कातळावरून अख्खी सरकते आणि घळीत उतरल्यावर तिचा लोंढा होतो. इथले लाव्हाथर पायऱ्यांसारखे: कडा, मग पदर, मग कडा. कड्याखालच्या पदरावर वरून गळालेला घसारा आणि कुजलेला मुरूम साठतो. दोन लाव्हाथरांमध्ये कुठे कुठे तांबड्या मातीचा पट्टा असतो, त्याला रेड बोल म्हणतात. त्यावर पाणी अडतं आणि झरा फुटतो. असा झरा आणि वर जाड घसारा, ही जोडी दिसली की ती जागा यादीत.

म्हणून दुसरी पद्धत, अनंत उताराचं गणित: उतार लांबच लांब आणि सगळीकडे सारखा धरून मातीचा थर टिकेल का ते पाहायचं. धरलेले आकडे: उतार ३० अंश, मातीची जाडी २ मी., एकक वजन १९ किलोन्यूटन प्रति घनमीटर, चिकटपणा ५ किलोपास्कल, घर्षणकोन ३० अंश. सुरक्षागुणक (माती धरून ठेवणारं बल भागिले ओढणारं बल) कोरड्यात १.३०, निम्म्या जाडीपर्यंत पाणी चढलं की १.०५, माती पूर्ण भिजली की ०.७९. १च्या खाली गेला की सुटली.

आता जाडी १ मी. करा, बाकी तेच. पूर्ण भिजल्यावरही १.०९. म्हणजे उतारापेक्षा जाडी निर्णायक, आणि जाडीचा नकाशा कुठेच मिळत नाही. उतारावरून अंदाज बांधणारी सूत्रं आहेत, पण ती कडा-पदर रचनेत फसतात. वाटेने जाताना रस्त्याची कापणी, विहिरीची कड, उन्मळलेल्या झाडाच्या मुळांखालचा खड्डा जिथे दिसेल तिथे टेपने मोजायची, दुसरा उपाय नाही.

आणखी एक: ३० मीटरच्या चौकोनात २० मीटरचा कडा आणि त्याखालचा पदर एकत्र मिसळून एकच मध्यम उतार दिसतो. पदराचा खरा उतार क्लिनोमीटरनेच (उताराचा कोन मोजायचं साधन) घ्यावा लागेल.

२ मार्च

जुन्या खोकांची यादी सेंटिनेल-२ उपग्रहाच्या १० मीटरच्या चित्रांवरून. जून ते सप्टेंबर ढगांमुळे हाती काही लागत नाही. सोपा मार्ग म्हणून मे आणि ऑक्टोबरची चित्रं घेऊन हिरवेपणातला फरक काढला, तर भलतंच पीक आलं.

कारण राब. भाताच्या रोपांसाठी पाला-शेण पसरून भाजलेले वाफे मार्च ते मे काळेभोर दिसतात, पावसानंतर हिरवेगार. वणव्याने जळालेल्या उताराचंही तेच. फरकाच्या नकाशात असे शेकडो ठिपके. उलट बाजूला कापणी झालेलं भात नव्या खोकेसारखं उघडं दिसतं. आता नोव्हेंबरची चित्रं नोव्हेंबरशीच ताडतो, वर्षाआड, आणि चार चाळण्या लावतो: उतार १५ अंशांहून जास्त, लांबी रुंदीच्या निदान तिप्पट, लांब बाजू उताराच्या दिशेने, रस्त्याच्या कापणीपासून दूर. शेवटची चाळणी काढून वेगळी यादीही ठेवली, कारण कापणीमुळे सुटलेल्या दरडी खऱ्याच असतात. फक्त त्यांचं कारण वेगळं.

पाच मीटर रुंदीची खोक या चित्रात दिसणार नाही. यादी अपुरी आहे हे गृहीत.

२३ मार्च

पऱ्याच्या तोंडावरचा पंखा (वाहून आलेला राडा पसरून झालेला पंख्याच्या आकाराचा उतार) पाहिला. सामान: ३० मीटरचा टेप, क्लिनोमीटर, हँडहेल्ड जीपीएस (उंची लिहायची नाही, ती भरवशाची नसते), खुरपं, मार्कर, पाण्याची बाटली.

ओढ्याने कापलेल्या कडेवर अडीच मीटरचा छेद मिळाला. खुरप्याने दोन फूट रुंद पट्टी ताजी केली. वरचे ४० सें.मी. शेतमाती. त्याखाली एक मीटरभर जाडीत डोक्याएवढे धोंडे चिकट तांबड्या मातीत रुतलेले, एकमेकांना न टेकता, मुटक्यातल्या शेंगदाण्यांसारखे. थर नाहीत, वाळू वेगळी झालेली नाही, मोठे दगड वरच्या बाजूला. पाण्याने आणलेल्या गाळात दगड एकमेकांवर टेकलेले असतात, खाली मोठे वर बारीक, मध्ये वाळूचे पदर. इथे तसं काही नाही. म्हणजे या जागेवर लोंढा याआधी येऊन गेला आहे, आणि आता तिथे भात लावतात.

पऱ्याच्या दोन्ही काठांवर धोंड्यांची रांग आहे. पाहताच गडगा (रचलेलं दगडी कुंपण) वाटतो. ओळखायची खूण: गडग्यातले दगड माणसाने उचलण्याजोगे, चपटी बाजू खाली, एकात एक बसवलेले. लोंढ्याने सोडलेल्या रांगेत दोन माणसांना हलणार नाहीत असे धोंडे, लांब बाजू प्रवाहाच्या दिशेने, फटींत वाळलेला चिखल आणि चेंगरलेल्या फांद्या. दोन रांगांमधलं अंतर आणि त्यांची उंची मोजली की जुन्या लोंढ्याचा छेद मिळतो. इथे १० मी. रुंद, ३ मी. उंच, म्हणजे सुमारे ३० चौ.मी.

३० मार्च

घनफळ. सगळ्यात जास्त चूक याच आकड्यात होते, म्हणून एक आकडा न धरता तीन.

लहान: पदरावरची एक खोक, ४० × २५ × २ मी. = २,००० घनमीटर. मधला: तीच खोक, अधिक घळीत ४५० मी. लांबीवर दर मीटरला ६ घनमीटर ओरबाडलेला राडा, म्हणजे २,७०० आणखी. मिळून ४,७००, धरले ५,०००. मोठा: पदराचा सगळा घसारा उतरला तर, १५,०००.

मधल्या आकड्यात सुटलेल्या मातीपेक्षा वाटेत उचललेली जास्त आहे. घळ उघड्या कातळाची असेल तर हा भाग जवळजवळ शून्य. राड्याने भरलेली असेल तर दुप्पट-तिप्पट. त्यामुळे घळीतून चालत जाऊन दर ५० मीटरवर तळ कातळाचा की राड्याचा, एवढं लिहिणं हे मॉडेलच्या कुठल्याही सेटिंगपेक्षा मोलाचं काम.

साठणाऱ्या राड्याचा पसारा २० गुणिले घनफळाचा दोन-तृतीयांश घात. तिन्ही घनफळांना सुमारे ३,२००, ५,८५० आणि १२,१५० चौ.मी. वाडीत सांगताना: ३१ गुंठे, ५८ गुंठे, ३ एकर. वाटेतला छेद ०.१ गुणिले तोच घात: १६, २९, ६१ चौ.मी. मधला आकडा धोंड्यांच्या रांगांमधल्या छेदाशी जुळतो. एका छेदावरून फार काही म्हणता येत नाही, पण ५,००० हा आकडा हवेतला नाही.

६ एप्रिल

पोहोच. सुटण्याची जागा ६४० मी., पायथा २४० मी., उंचीतला फरक ४००. दोन सूत्रं लावली. पहिलं पोहोचकोनाचं (सुटण्याची जागा आणि थांबण्याची जागा जोडणाऱ्या रेषेचा उतार): टॅनचा लॉग = उणे ०.१०५ गुणिले घनफळाचा लॉग, उणे ०.०१२. दुसरं: अंतर = १.९ × घनफळ^०.१६ × उंची^०.८३.

२,००० घनमीटरला दोन्ही ९१० ते ९३० मी. देतात. ५,०००ला १,००५ आणि १,०७०. १५,०००ला १,१३० आणि १,२८०. वाडीतलं पहिलं घर सुटण्याच्या जागेपासून आडव्या अंतराने ८५० मीटरवर, शेवटचं १,२००वर. तिन्ही परिस्थितींत पहिली घरं सापडतात. प्रश्न फक्त मागच्या ओळींचा.

या सूत्रांमागच्या नोंदी फार विखुरलेल्या आहेत. १,००५ आणि १,०७० जुळले म्हणून अचूकता ६५ मीटरची झाली असं नाही.

त्याच दिवशी मोरीचा हिशेब. पुराचं पाणी: ६० मि.मी. तासाला, वाहून जाण्याचं प्रमाण ०.८, म्हणजे सेकंदाला ८.३ घनमीटर. ५,००० घनमीटरच्या लोंढ्याचं शिखर सूत्रांनुसार सेकंदाला १०० ते १२० घनमीटर. बारा-चौदा पट. रस्त्याखाली ९०० मि.मी.चे दोन ह्यूम पाइप (सिमेंटचे नळ) आहेत. एक धोंडा आणि एक ओंडका, की बंद. नकाशात मोरी ‘वाट’ म्हणून न दाखवता ‘फुटण्याची जागा’ म्हणून दाखवायची.

१३ एप्रिल

लोंढ्याची वाट आणि पसारा काढणारं फ्लो-आर हे सॉफ्टवेअर चालवलं. घनफळ लागत नाही, सुटण्याचे चौकोन आणि उंची पुरते. सेटिंग: पसरण्यासाठी सुधारित होल्मग्रेन (लोंढा खालच्या चौकोनांत कसा वाटला जातो ते ठरवणारी रीत), घातांक ४, उंचीची सूट २ मी.; किमान पोहोचकोन ११ अंश, वेगाची कमाल १५ मी. प्रति सेकंद.

११ अंशांनी पोहोच २,०५० मीटरवर जाते, म्हणजे पलीकडच्या रस्त्यापर्यंत. ही मर्यादा मुद्दाम सैल असते, ‘याच्या पुढे नाही’ एवढंच सांगणारी. ती लाल रंगवून लोकांना दिली तर सगळं गाव लाल होतं आणि नकाशाला अर्थ उरत नाही.

खरी गडबड दुसरीच. पंख्यावर येताच लोंढा डावीकडे वळून रिकाम्या शेतांत जात होता, घरं सुरक्षित! घातांक बदलला, सूट वाढवली, तरी तेच. शेवटी उंचीचा छेद काढला. पऱ्याच्या तोंडासमोर १० मीटरची टेकडी. जागेवर टेकडी नाही, आमराई आहे. जीएलओ-३०मध्ये जमीन नव्हे, झाडांचे शेंडे मोजलेले असतात. मॉडेलसाठी आमराई म्हणजे धरण.

झाडं वजा केलेला फॅबडेम हा उंचीचा डेटा घेतल्यावर टेकडी बरीच उतरली, पूर्ण नाही. पंख्यापुरता ड्रोन लागणार. तोही वरूनच बघतो, त्यामुळे आंब्याखालची जमीन त्यालाही दिसत नाही. तिथे लेव्हल (सर्वेक्षणाची दुर्बीण) आणि स्टाफ (आकड्यांची उभी पट्टी) घेऊन हाताने बिंदू घ्यायचे.

२० एप्रिल

ड्रोन झाला, पानगळीची झाडं उघडी असताना. जमिनीवर ८ खुणा, त्यांतल्या ३ तपासणीसाठी राखून ठेवलेल्या. आमराईत स्टाफने ४२ बिंदू. २ मीटर चौकोनांच्या नव्या उंचीच्या डेटावर लोंढा आमराईतून सरळ जातो आणि वाडीच्या उजव्या अंगाला पसरतो. आधीच्या उत्तराच्या अगदी उलट.

४ मे

मशीन लर्निंगचं एक प्रारूप तुलनेसाठी करून पाहिलं, आणि गुण फारच चांगले आले. म्हणून संशय. ‘दरड नाही’ या गटात भाताची सपाट शेतं भरलेली होती. सपाट शेतात दरड सुटत नाही हे सांगायला संगणक कशाला? नकारात्मक नमुने १५ अंशांवरच्या उतारांतूनच घेतले, आणि शिकवायचे व तपासायचे पाणलोट वेगळे ठेवले. एकाच खोकेचे शेजारचे चौकोन दोन्हीकडे गेले की पेपर फुटल्यासारखं होतं. गुण खाली आले. ते खरे.

२६ मे

मोसमी पाऊस आज मुंबईत पोहोचला, इतका लवकर नोंदींत याआधी नाही. दुसऱ्या घळीची मोजणी राहिली ती राहिली. भिजल्या उतारावर माणसं पाठवायची नाहीत.

८ जून

पावसाची मर्यादा. जगभरच्या नोंदींवरची केनची रेषा: तासाची तीव्रता = १४.८२ गुणिले कालावधीचा उणे ०.३९ घात. २४ तासांना ती ४.३ मि.मी. तासाला, म्हणजे दिवसाला १०३ मि.मी. घाटमाथ्यावर जुलैत असा दिवस नवलाचा नाही. ही रेषा लावली तर भोंगा आठवड्यातून दोनदा वाजेल आणि तिसऱ्या आठवड्यात कुणी घराबाहेर येणार नाही. महाबळेश्वरला २३ जुलै २०२१च्या सकाळपर्यंतच्या २४ तासांत ५९४ मि.मी. झाले होते, आपली मर्यादा या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी, आणि ती आधीच्या तीन दिवसांच्या पावसाला जोडूनच ठरेल.

तारखांचा सापळा: हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ. इर्शाळवाडीची दरड १९ जुलैच्या रात्री पडली. तिच्या आधीचा पाऊस २० तारखेच्या नोंदीत येतो, आणि त्यात नंतरचे नऊ-दहा तासही मिसळतात. आयएमईआरजी हा उपग्रहांवरून काढलेला पावसाचा डेटा अर्ध्या तासाचा मिळतो, पण वेळ युटीसी (जागतिक प्रमाणवेळ); भारतीय वेळेसाठी साडेपाच तास मिळवायचे. शिवाय घाटावर तो बऱ्याचदा कमी पाऊस दाखवतो. त्याचा आकार वापरावा, आकडा नाही.

वाडीतल्या शाळेत पर्जन्यमापक बसवला. झाडापासून आणि छपरापासून त्यांच्या उंचीच्या दुप्पट अंतर. जोराच्या पावसात वाचन तासाला.

२२ जून

पट्टे ठरले. लाल: ५,००० घनमीटरचा पसारा. केशरी: १५,०००चा. पिवळा: ११ अंशांपर्यंतची वाट, पऱ्याच्या काठाने. नकाशा १:२,०००, गुगलच्या चित्रावर न छापता शेतांच्या नावांवर: खालची दळी, वडाचा माळ, साकवाकडची. अक्षांश-रेखांश कोपऱ्यात.

नकाशा पसरल्यावर एक गोष्ट उघडी पडली. पावसात जमायची ठरलेली जागा देवळापुढची सहाण, ती केशरीत. आणि वाडीतून बाहेर जाणारा एकच रस्ता मोरीवरून. नवी जागा पऱ्याला आडवं चालून पूर्वेच्या दांडावर (डोंगराच्या सोंडेवर), १५० मी. अंतर, ३५ मी. चढ. पऱ्याच्या काठाने खाली पळायचं नाही, लोंढा त्याच वाटेने आणि माणसापेक्षा वेगाने येतो. माळीणची बातमी एसटीच्या चालकाला गाव दिसलं नाही तेव्हा बाहेर गेली होती; म्हणून दांडावर मोबाइलची रेंज येते का, तेही तपासलं. येते, एकाच कंपनीची.

५ जुलै

पोलीस पाटलांनी नकाशा शाळेच्या भिंतीवर लावून घेतला. खाली तीनच ओळी, मोठ्या अक्षरांत: पाऊस चालू असताना पऱ्याचं पाणी अचानक आटलं, गढूळ झालं, किंवा वरून गाडी आल्यासारखी घरघर आली, तर विचारत बसायचं नाही, दांडावर जायचं.

पाणी आटण्याची ओळ वाचून दोघांनी विचारलं, पाणी कमी झालं तर धोका कसा? वर घळीत राडा अडकून पाणी तुंबतं, आणि बांध फुटला की सगळं एकदम येतं. पाहणी पऱ्यात उतरून करायची नाही, म्हणून साकवाच्या दगडी खांबावर अर्ध्या-अर्ध्या मीटरवर पांढरे पट्टे मारले. ते शाळेच्या ओट्यावरून दिसतात. रात्री दिसण्यासाठी टॉर्च लागेल. ती अजून आलेली नाही.